किळस, शेजार आणि अन्न : ‘अखुनी’ चित्रपटाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

परक्या अन्नाविषयीची प्रतिक्रिया ही सामान्यतः वैयक्तिक आवडीनिवडीची बाब मानली जाते. एखाद्याला कारले आवडत नाही, एखाद्याला सुक्या बोंबलाचा वास सहन होत नाही. ज्याची त्याची जीभ, असे म्हणून हा विषय बाजूला सारला जातो. परंतु हीच प्रतिक्रिया जेव्हा घरमालक भाडेकरूविषयी, बहुसंख्य समाज अल्पसंख्य समाजाविषयी किंवा शासनयंत्रणा नागरिकांविषयी व्यक्त करते, तेव्हा ती वैयक्तिक राहत नाही. कोणी कोठे राहावे, काय शिजवावे आणि शिजवताना खिडकी उघडी ठेवावी की बंद, हे ती ठरवू लागते. निकोलस खारकोंगोर दिग्दर्शित ‘अखुनी’ हा चित्रपट याच संक्रमणाचा वेध घेतो. २०१९ च्या लंडन चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला आणि १२ जून २०२० रोजी नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला. रोमन लिपीतील वर्णलेखनामुळे त्याचे नाव अनेकदा ‘अ‍ॅक्सोन’ असे वाचले जाते. नागालँडमधील सुमी भाषेतील मूळ उच्चार ‘अखुनी’ असा आहे. पदार्थाचे नाव उच्चारण्यापासूनच परकेपणा सुरू होतो, ही बाब सूचक आहे.

प्रस्तुत लेखात या चित्रपटाचे सामर्थ्य व मर्यादा तपासल्या असून, मराठीतील शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथाशी त्याची मर्यादित तुलना केली आहे. परक्या अन्नाविषयीच्या किळसेला उत्तर देताना सहानुभूतीची याचना करणे आणि स्वतःच्या अन्नाचे नाव निःसंकोचपणे घेणे हे दोन भिन्न मार्ग आहेत. चित्रपट प्रामुख्याने पहिल्या मार्गाने जातो आणि तेथेच त्याची मर्यादा स्पष्ट होते, असे येथील प्रतिपादन आहे.

अखुनी : पदार्थ आणि वास

अखुनी म्हणजे आंबविलेले सोयाबीन. सोयाबीन मऊ शिजवून, पाणी निथळून, पानांत गुंडाळून काही दिवस चुलीच्या उबेला ठेवले जाते. या अवधीत बॅसिलस गटातील जिवाणू त्यातील प्रथिनांचे विघटन करतात. विघटनातून सुटणारी अमिनो आम्ले पदार्थाला दाट, मांसल चव देतात, तर त्याच प्रक्रियेत बाहेर पडणाऱ्या अमोनियामुळे त्याला उग्र वास येतो. चव आणि वास ही एकाच क्रियेची दोन फळे आहेत. एक ठेवून दुसरे टाकता येत नाही. मणिपूरमधील हवाइजार, मिझोराममधील बेकांग, मेघालयातील तुंगरिम्बाई, नेपाळी भाषकांचे किनेमा आणि जपानमधील नात्तो ही या पदार्थाचीच भावंडे होत. नात्तो आज आरोग्यदायी आहार म्हणून जगभर विकला जातो. अखुनी मात्र दिल्लीतील भाड्याच्या खोलीत दारे लावून शिजवावी लागते. पदार्थ जवळजवळ तोच असताना प्रतिष्ठेत पडणारा हा फरक रसायनशास्त्राने स्पष्ट होत नाही.

या संदर्भात मराठी वाचकाला घरातलेच उदाहरण पुरेसे आहे. हिंगाचा कच्चा खडा उग्र, गंधकयुक्त वासाचा असतो. काही युरोपीय भाषांत त्याला सैतानाची विष्ठा अशा अर्थाचे नाव आहे. तोच हिंग फोडणीत पडला की मराठी घरात तो स्वयंपाक सुरू झाल्याची खूण ठरतो. वास नाकाला येतो, परंतु त्याचा अर्थ घर लावते.

किळस : नैसर्गिक की संस्कारजन्य?

किळस ही शरीराने विषापासून केलेली बचावाची योजना आहे, असे मत प्रचलित आहे. त्यात तथ्यांशही आहे. तथापि पॉल रोझिन यांच्या संशोधनाने या मताला महत्त्वाची पुरवणी जोडली. लहान मुले हाती येईल ते तोंडात घालतात. किळस ती पुढे, मोठ्यांचे चेहरे पाहून शिकतात. निर्जंतुक केलेले झुरळ पेयात बुडवून काढले तरी लोक ते पेय नाकारतात, असे रोझिन व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. धोका नाही हे ठाऊक असूनही किळस टिकते, याचा अर्थ तिचा संबंध जंतूंपेक्षा स्पर्शाच्या कल्पनेशी अधिक आहे. स्पर्शाच्या कल्पनेवर समाज कसा उभारला जातो, हे भारतीय वाचकास वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

२००५ मध्ये ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याहून बोलका आहे. त्यात सहभागी व्यक्तींना एकच वास दोन वेगवेगळ्या नावांनी देण्यात आला. एकदा ‘चेडर चीज’ म्हणून, एकदा ‘शरीराचा दर्प’ म्हणून. चीज म्हटल्यावर तोच वास लोकांना अधिक सुखद वाटला आणि मेंदूतील प्रतिसादातही त्यानुसार फरक दिसला. नाव बदलले की वास बदलतो, हा निष्कर्ष अखुनीच्या बाबतीत निर्णायक आहे. मेरी डग्लस यांनी १९६६ मधील ‘प्युरिटी अँड डेंजर’ या ग्रंथात घाण म्हणजे चुकीच्या जागी असलेली वस्तू, असा विचार मांडला होता. दिल्लीच्या गल्लीत अखुनीचा वास येतो तेव्हा तेथील रहिवाशांना प्रत्यक्षात वस्तू चुकीच्या जागी वाटते की ती शिजविणारी माणसे, हा खरा प्रश्न आहे.

चित्रपटाची मांडणी

चित्रपटाचे कथानक एका दिवसात घडते. ईशान्येकडील तरुण मित्रमैत्रिणींना आपली मैत्रीण मिनाम हिच्या लग्नानिमित्त अखुनी घालून डुकराचे मांस शिजवायचे आहे. घरमालकीण (डॉली अहलुवालिया) वासाला हरकत घेते. त्यानंतरचा सारा चित्रपट म्हणजे हा एक पदार्थ शिजविण्यासाठी दक्षिण दिल्लीतील हुमायूनपूर भागात जागा शोधण्याची धडपड होय. विषय क्षुल्लक वाटावा इतका लहान आहे, आणि हेच दिग्दर्शकाचे कौशल्य आहे. लग्नाचे जेवण ही जगातील सर्वांत निरुपद्रवी इच्छा. तिलाच एखाद्या गुप्त कटाचे रूप येते. प्रेक्षक हसतो, आणि जेवण शिजविण्यासाठी कट का करावा लागतो, हा प्रश्न त्या हसण्यानंतर मनात उरतो.

या मांडणीला वास्तवाचा आधार आहे. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी सुरक्षाविषयक सूचनांची पुस्तिका काढली होती. तीत बांबूचे कोंब, अखुनी व इतर उग्र वासाचे पदार्थ शेजारात गोंधळ न होईल अशा बेताने करावेत, असा सल्ला होता. ही पुस्तिका तयार करण्यात खुद्द अरुणाचल प्रदेशातून आलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याचा पुढाकार होता, हा तपशील महत्त्वाचा आहे. सल्ला द्वेषातून नव्हे, काळजीतून आला होता. मात्र काळजीच्या भाषेतही गृहीतक तेच राहिले: वास घेणाऱ्याने नव्हे, वास करणाऱ्याने बदलावे. पुढे २९ जानेवारी २०१४ रोजी दिल्लीच्या लाजपत नगरात अरुणाचल प्रदेशातील विद्यार्थी निदो तानिया याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र शासनाने नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्येकडील नागरिकांना महानगरांत येणाऱ्या भेदभावाचा अभ्यास करून त्याच वर्षी अहवाल दिला. त्या मारहाणीचे निमित्त अन्न नव्हते, केसांच्या ठेवणीवरून झालेली टिंगल होती. तथापि केस, चेहरा, भाषा आणि वास या चारही गोष्टी ‘हे आपले नव्हेत’ या एकाच निष्कर्षाकडे नेतात.

चित्रपट हे नाते जाणतो. चानबी (लिन लैश्राम) हिची रस्त्यात छेड काढली जाते. ती जाब विचारते तेव्हा तिला थप्पड बसते. बेन्दांग (लानुआकुम आओ) पूर्वी झालेल्या हल्ल्याच्या आघातातून सावरलेला नाही. हे प्रसंग अन्नाच्या कथानकाला जोडलेली ठिगळे नाहीत. वासावरून होणारी कुरकुर आणि रस्त्यावरची हिंसा यांत अंतर आहे, परंतु दोन्ही एकाच वाटेवर आहेत, हे ते सुचवितात. आदिल हुसेन यांनी साकारलेला, जवळजवळ काही न बोलता सारे पाहत बसणारा माणूस या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरतो. भेदभाव करणाऱ्यांपेक्षा तो पाहत राहणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी असते.

ईशान्य म्हणजे एकजिनसी प्रदेश नव्हे, हे दाखविणे ही चित्रपटाची दुसरी जमेची बाजू होय. उपासना (सयानी गुप्ता) ही नेपाळी आहे. मैत्रिणीसाठी अखुनी शिजविण्याचा आग्रह ती धरते, परंतु तिच्या ईशान्येकडील असण्याविषयी तिच्याच मित्रांच्या मनात किंतु आहे. बेन्दांग संतापाच्या भरात घरमालकिणीचा नातू शिव याला ‘इंडियन’ म्हणून हिणवतो, तेव्हा परकेपणाची भाषा दोन्ही बाजूंनी वापरली जाऊ शकते, हे स्पष्ट होते. पीडितांना निर्दोष करून टाकण्याचा सोपा मार्ग दिग्दर्शकाने टाळला आहे.

मर्यादा

असे असले तरी चित्रपटाच्या तीन मर्यादांची नोंद घेणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा चवीच्या अभावाची. अखुनीचा वास हा चित्रपटाचा केंद्रबिंदू आहे. चव मात्र परिघावर राहते. वासाला नाके मुरडणाऱ्यांची प्रतिक्रिया आपण वारंवार पाहतो, परंतु हा पदार्थ खाणाऱ्यांना तो का हवासा वाटतो, त्यात कोणत्या आठवणी आहेत, कोणाच्या हातची अखुनी चांगली मानली जाते, याविषयी चित्रपट फारसे बोलत नाही. परिणामी प्रेक्षक पदार्थाकडे स्वयंपाकघरातून न पाहता जिन्यावरून, म्हणजे तक्रार करणाऱ्याच्या जागेवरून पाहतो. ज्या दृष्टीची चिकित्सा करायची, तिच्याच ठिकाणी कॅमेरा उभा राहतो.

दुसरी मर्यादा विनोदाची. घरमालकीण, तिचा जावई (विनय पाठक) आणि शिव ही पात्रे प्रामुख्याने हास्यनिर्मितीसाठी आहेत. त्यांचा पूर्वग्रह अज्ञानातून आलेला, थोडा बावळट आणि म्हणून क्षम्य वाटतो. प्रत्यक्षात भाडेकरार मोडण्याची शक्ती या ‘बावळटपणा’च्या हाती असते. पूर्वग्रह विनोदी करता येतो, सत्ता तशी करता येत नाही. ती विनोदी केली की प्रेक्षकाला स्वतःची जबाबदारी विसरण्याची सोय होते.

तिसरी मर्यादा निवडीची आहे. उपासनेच्या भूमिकेसाठी ईशान्येबाहेरील अभिनेत्रीची निवड झाल्याबद्दल टीका झाली होती. २०१४ च्या ‘मेरी कोम’ या चित्रपटातील प्रियांका चोप्रा यांच्या निवडीवरही तसाच आक्षेप घेतला गेला होता. उर्वरित प्रमुख तरुण पात्रांपैकी बहुतेक ईशान्येकडील कलावंतांनी साकारली असल्याने येथे तो आक्षेप सौम्य होतो. परंतु परक्याला प्रेक्षकांपुढे आणताना एक ओळखीचा चेहरा मध्यस्थ म्हणून लागतो, हे गृहीतक कायम राहते. अखुनीचा वास कमी करण्यासाठी खिडकी बंद करण्यासारखीच ही तडजोड आहे.

‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ : दुसरा मार्ग

शाहू पाटोळे यांच्या ग्रंथाचे नावच अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या परंपरेला दिलेले उत्तर आहे. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या आहाराची नोंद करणाऱ्या या पुस्तकाचा भूषण कोरगावकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे परकी संस्कृती हजारो किलोमीटर दूर नाही; ती गावकुसाबाहेर, हाकेच्या अंतरावर आहे. तरीही मराठी पाककृतींच्या असंख्य पुस्तकांत तिला स्थान नव्हते. ज्याला ‘मराठी जेवण’ म्हटले गेले त्यात हे जेवण नव्हते.

पाटोळे वाचकाची परवानगी मागत नाहीत. सुकविलेल्या मांसाच्या चान्या, जनावराच्या आतड्यांचे व रक्ताचे पदार्थ, तेलातुपाविना होणारा स्वयंपाक यांची कृती ते भाकरी-पिठल्याची सांगावी तितक्याच सहजतेने सांगतात. सात्त्विक, राजस व तामस या आहारविभागणीमागची सामाजिक उतरंडही ते तपासतात. वाचकाला किळस आली तर ती त्याने स्वतःच हाताळावी, अशी या लेखनाची भूमिका दिसते. वाचकाला वासाच्या बाहेर उभे न करता ती थेट चुलीजवळ आणते.

या भूमिकेत स्मरणरंजन नाही. १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले होते. तो लादलेल्या दारिद्र्याला व अपमानाला दिलेला नकार होता. त्यामुळे या आहाराची नोंद करताना अभिमान आणि वेदना यांचा गुंता सुटत नाही. पाटोळे तो सोडविल्याचा आव आणत नाहीत. शिवाय मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आणणारी कायदादुरुस्ती अमलात आली. राज्याबाहेर कत्तल झालेल्या अशा जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरविणारी तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केली; कत्तलीवरील बंदी मात्र कायम राहिली. ज्या वर्षी हा आहार ग्रंथबद्ध झाला, त्याच वर्षी त्याचा एक भाग कायद्याने ताटातून उचलला गेला. चित्रपटातील घरमालकिणीच्या जागी येथे विधिमंडळ आहे.

एक संभाव्य आक्षेप

यावर असा आक्षेप घेता येईल की, वासाची प्रत्येक तक्रार पूर्वग्रहातून येत नाही. दाट वस्तीत राहणाऱ्या माणसाला उग्र वासाचा खरोखर त्रास होऊ शकतो. तो बोलून दाखविण्याचाही त्याला अधिकार नाही काय? हा आक्षेप गांभीर्याने घेतला पाहिजे. सिंगापूरमध्ये सार्वजनिक रेल्वेत ड्युरियन हे फळ नेण्यास मनाई आहे. परंतु ते फळ तेथील लोकांचे लाडके आहे. नियम सर्वांना सारखा आहे, मर्यादित जागेपुरता आहे आणि त्या फळामुळे कोणाला घर नाकारले जात नाही. वासाचे नियमन तिरस्काराविना करता येते, हे त्यावरून सिद्ध होते. म्हणून तक्रार न्याय्य आहे की नाही हे ठरविताना तीन प्रश्न विचारावेत. नियम सर्वांच्या वासांना लागू आहे काय? तक्रार पदार्थाविषयी आहे की तो खाणाऱ्याविषयी? आणि मनाई करताना पर्यायी जागा दिली आहे काय? ‘अखुनी’तील पात्रांच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल येतात. त्यांना दिवसभर जागाच मिळत नाही, हेच तर कथानक आहे.

याच भागाविषयीची एक विसंगतीही येथे नोंदविण्याजोगी आहे. हुमायूनपूर आज ईशान्येकडील खाद्यपदार्थांच्या उपाहारगृहांसाठी प्रसिद्ध आहे. ज्या गल्लीत अखुनी शिजविणे हा अपराध ठरतो, तेथेच ती पैसे मोजून चाखण्यासाठी शहरभरातून लोक येतात. ग्राहक म्हणून परके अन्न स्वीकारणे सोपे असते, कारण खाऊन झाल्यावर घरी परतता येते. शेजारी म्हणून ते स्वीकारणे म्हणजे ते शिजविणाऱ्या माणसाचा तेथे राहण्याचा हक्क मान्य करणे होय. नवे पदार्थ चाखण्याची हौस आणि सहिष्णुता यांची गल्लत होऊ नये, एवढा विवेक या उदाहरणातून घेता येतो.

समारोप

‘अखुनी’ हा महत्त्वाचा चित्रपट आहे, कारण किळस ही खासगी भावना राहत नाही आणि तिचे रूपांतर भाडेकरारात, पोलिसांच्या सल्ल्यात व रस्त्यावरच्या थपडेत कसे होते, हे तो एका दिवसाच्या हलक्याफुलक्या कथेतून दाखवितो. परंतु तो आपल्या पात्रांना अखेरपर्यंत समजून घेतले जाण्याची वाट पाहायला लावतो. पाटोळे यांचा ग्रंथ ही वाट पाहत नाही. एकाने समजून घ्या म्हणावे आणि दुसऱ्याने हे असे आहे म्हणावे, यांतील अंतर केवळ शैलीचे नाही. बोलणाऱ्याने स्वतःला पाहुणा मानले आहे की घरचा, याचे ते अंतर आहे.

उच्च शिक्षणक्षेत्राला हा विषय परका नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे ईशान्येकडील विद्यार्थी व कामगार बंगळुरूप्रमाणे पुण्यातूनही भयभीत होऊन परतू लागले होते. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीतील वसतिगृहाच्या भोजनगृहात काही टेबले केवळ शाकाहारींसाठी राखून ठेवण्यात आली आणि त्याचा निषेध करणाऱ्या एका विद्यार्थ्यास १० हजार रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. टेबले वेगळी करणे ही वरवर सोयीची बाब दिसते, परंतु पंगती वेगळ्या करण्याचा इतिहास असलेल्या समाजात ती केवळ सोय राहू शकत नाही. महाविद्यालयांची वसतिगृहे व उपाहारगृहे ही, भिन्न घरांतून आलेली मुले प्रथमच एकमेकांच्या डब्यांसमोर बसतात अशी ठिकाणे आहेत. कोणीही कोणाच्या डब्यातील घास खाल्लाच पाहिजे, असे नाही. डबा उघडताना मात्र कोणालाही झाकण अर्धवट लावून खावे लागू नये, याची जबाबदारी संस्था चालविणाऱ्यांची व तेथे शिकविणाऱ्यांची आहे.